टपालातून शिकलेली गाडी

बँडन, ऑरेगन
२८ मार्च १९९८

प्रिय लव्हॉन,

समोर समुद्र आहे, वारा डोक्यावर टोपी राहू देत नाही, आणि काल इथल्या एका टपरीवर ताज्या खेकड्यांचं सूप प्यायलो. मर्ल मजेत आहे. घर विकून या चौतीस फुटी मोटरहोममध्ये राहायला लागलो त्याला मे महिन्यात सात वर्षं होतील, पण अजूनही सकाळी खिडकीचा पडदा सारताना मला लहान मुलीसारखं वाटतं.

आता तुला न आवडणारी गोष्ट. या उन्हाळ्यातही आमचं एल्म प्रेअरीला येणं जमणार नाही. तीन महिने भटकंती थांबवायची, तुझ्या आवारात गाडी लावायची, सत्तावीस जूनला आमच्या टॉलेफसन घराण्याच्या मेळाव्यात घरच्या सगळ्यांना भेटायचं आणि मग एकेका मैत्रिणीकडे जाऊन मागची सगळी बाकी बोलून घ्यायची, असं आपण गेल्या वर्षीही ठरवलं होतं. तू तर शेडमागे आमच्यासाठी खडी टाकून नळ आणि वीजही ओढून ठेवलीस. पण मर्लच्या डोक्यात अलास्का शिरलंय, आणि त्याच्या डोक्यात एकदा शिरलेलं बाहेर निघत नाही हे तू जाणतेस.

कर्टिसला मी फोनवर सांगेन. मुलगा त्रेचाळीसचा झाला, मिनियापोलिसमध्ये एवढं ऑफिस सांभाळतो, तरी आमचा फोन चुकला की तुला छळतो हे मला ठाऊक आहे. त्याला म्हणावं, आईबाप सुखात आहेत.

तुझा डावा कान कसा आहे? तुला फोनवर काही ऐकू येत नाही हे एका परीने बरंच, नाहीतर आपण इतकी पत्रं कधी लिहिली असती.

तुझी,
आर्डिस


एल्म प्रेअरी, मिनेसोटा
११ एप्रिल

आर्डिस,

मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. मागच्या बाकावर कोण थापा मारतंय ते मला आरशात न बघता कळतं.

तुझं पत्र वाचलं, मग बुटांच्या खोक्यातून तुझी जुनी सगळी पत्रं काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. पहिल्या सहा वर्षांत एकही पत्र भांडणाशिवाय नाही. केंटकीत मर्लने तुझं न ऐकता भलताच रस्ता धरला. मेनमध्ये तू मागे उभी राहून 'थांब' म्हणून हात हलवलास, त्याला तो 'ये' वाटला, कुणाच्या तरी अंगणातलं पक्ष्यांचं कुंड गाडीखाली गेलं आणि व्हर्माँट येईपर्यंत तू त्याच्याशी बोलली नाहीस. टेक्सासात त्याने दिलेल्या शिव्या तर तू मोजून कळवल्या होत्यास.

आणि गेल्या फेब्रुवारीपासून? चौदा पत्रं, अकरा राज्यं, समुद्र, डोंगर, खेकडे, आणि मर्ल एकदाही चिडलेला नाही. चौतीस फुटांत राहणारी दोन माणसं वर्षभर भांडत नाहीत म्हणजे एकतर त्यातलं एक गेलंय, नाहीतर गाडी जागची हललेली नाही. ऑरेगनचा शिक्का खरा आहे, तो मी भिंग लावून पाहिला. बाकीचं पत्र खोटं आहे.

तुमचं टपाल गोळा करून पुढे धाडणाऱ्या त्या साउथ डकोटाच्या पत्त्यावर हे पाठवते आहे. तुम्ही खरोखर कुठे आहात हे तेवढ्या त्या लोकांनाच ठाऊक असणार. महिनाभरात मला खरं कळलं नाही तर पिकअप काढीन आणि चौकशीला त्यांच्याच दारात उभी राहीन.

लव्हॉन क्विस्ट


यूमा, ॲरिझोना
३० एप्रिल

लव्हॉन,

हरले. तू पिकअप काढू नकोस, घरातच राहा.

गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला मर्ल दात घासता घासता खाली कोसळला. अर्धांगाचा झटका. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. आता उजवा हात उचलत नाही, उजवा पाय ओढत काठीवर चालतो. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही. पुन्हा गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शब्दही गेले. 'पाणी' म्हणायला त्याला अर्धा मिनिट लागतो आणि शेवटी तो 'खुर्ची' म्हणतो.

आणि मी? या गाडीत सात वर्षं राहून, ती चालू असताना मी एकदाही चालकाच्या सीटवर बसलेले नाही. माझं काम नकाशा, सँडविच आणि मागे उभं राहून हात हलवणं. त्यामुळे मर्लने जिथे लावली तिथेच गाडी चौदा महिने उभी आहे. मोटरहोमच्या या तळावर हिवाळ्यात चारशे गाड्या असतात, मार्च-एप्रिलमध्ये सगळे उत्तरेला निघून जातात. जाणाऱ्यांच्या हाती मी तुला लिहिलेली पत्रं देते, ते जिथे पोचतील तिथून टाकतात. ऑरेगनचा समुद्र शेजारच्या बाईने सांगितला तसा लिहिला. गेला उन्हाळा आम्ही बादलीत पाय घालून काढला.

कर्टिसला मी एक रविवार सोडून बूथवरून फोन करते. बाबा मासे पकडायला गेलेत, बाबा झोपलेत. बाबांनी या वर्षात इतके मासे पकडलेत की तळं आटायला हवं होतं. त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी विमानात बसेल, गाडी विकेल, आणि आम्हाला त्याच्या घराजवळच्या त्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवील, जिथे न्हाणीघरात मदतीला ओढायची दोरी लटकते. त्याने तो फ्लॅट आम्हाला आधीच दाखवलाय. पोरगा चांगला आहे गं, म्हणूनच पंचाईत. वाईट असता तर सरळ नाही म्हटलं असतं.

मर्ल दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. हे दुखणं नाही, लाज आहे. आपल्यामुळे आपण इथे अडकलो असं त्याला वाटतं. ही गाडी गेली तर तो वर्षभर टिकायचा नाही, हे मी तुला लिहून देते. आणि मला ती गाडी, तो रस्ता हवाय, हेही आज पहिल्यांदाच लिहिते.

कर्टिसला सांगू नकोस.

आर्डिस


एल्म प्रेअरी
८ मे

आर्डिस,

मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. हे आधी लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. पायरीवर बसून अर्धा तास रडले तेही लिहून टाकते.

आता नीट ऐक. माझी बस चाळीस फुटांची होती आणि तिच्यात साठ पोरं कागदाचे बोळे फेकत होती. तुझी चौतीस फुटांची आहे आणि तिच्यात एक मर्ल आहे. तुला जमणार नाही असं काही त्यात नाही. पोरं इयत्ता पहिलीत वाचायला शिकतात ती काय आधी हुशार असतात म्हणून?

एक मोकळं मैदान शोध. कॉफीचे रिकामे डबे गोळा कर, पंचवीस तरी.

निघण्याआधी रोज गाडीभोवती पायी फिरायचं आणि चारही कोपऱ्यांना हात लावायचा. डोळ्यांनी बघायचं नाही, हात लावायचा. आठ दिवसांत गाडीची लांबी-रुंदी तुझ्या अंगात येईल.

तुझी सीट पुढच्या चाकांच्याही पुढे आहे. म्हणून वळताना, आता आपण खड्ड्यात गेलो असं वाटेपर्यंत सरळ जायचं, मग वळायचं. मनाला जिथे वळावंसं वाटतं तिथे वळलीस तर मागचं चाक कुणाच्या तरी कुंपणातून जाणार. आणि तू उजवीकडे वळलीस की गाडीची शेपटी डावीकडे झुलते, तेव्हा डाव्या आरशात बघ.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या चाकाच्या तळाशी धर. शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात ने. याहून जास्त विचार केलास की फसलीस. आणि मर्लला खाली उतरव. मागे उभं राहून खुणा करायला एकच हात लागतो. तुझा दुसरा हात तरी कुठे असायचा, कमरेवरच ना?

रेल्वेचे रूळ आले की थांबायचं. पूर्ण थांबायचं. दार उघडायचं, कान द्यायचा, दोन्हीकडे बघायचं, दार लावायचं, मग निघायचं. यात कधीही कसूर नको.

सकाळी तासभर, रोज. रविवारी चर्चनंतर दोन तास. मला लेखी अहवाल पाहिजे.

लव्हॉन


यूमा
२४ मे

गुरुबाई,

अहवाल सादर. इथे लेट्यूसच्या पॅकिंग शेडचं प्रचंड आवार आहे. हंगाम मार्चअखेर संपतो, मग तिथे कुणी नसतं. राखणदार रेफुहिओ सकाळी सहाला फाटक उघडून देतो आणि स्वतः लांब जाऊन उभा राहतो. त्याला मी दोष देत नाही.

पहिल्या दिवशी बॅटरी मेलेली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि मी बंद पडले. तिसऱ्या दिवशी तेवीस डब्यांपैकी एकोणीस चिरडले. पाचव्या दिवशी मागे घेताना कचऱ्याच्या लोखंडी पेटीवर गाडी आदळली, आणि मर्ल, जो बाजूला खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होता, तो काठी टेकत उठला आणि मला शिव्या दिल्या. लव्हॉन, स्पष्ट दिल्या. सलग, एकही शब्द न अडखळता. पंधरा महिन्यांत 'पाणी' म्हणता न आलेल्या माणसाने. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असं होतं, बाकीचे शब्द जातात, शिव्या राहतात. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसले की भोंगा वाजत राहिला.

तेव्हापासून तो मागे उभा राहतो. डावा हात वर केला की थांब, बोटं वळवली की ये. मला उजव्या आरशात दिसेल अशा जागी तो आपणहून उभा राहायला शिकला. काल मी डब्यांच्या दोन ओळींमधून पंधरा वेळा मागे घेतली आणि फक्त दोन डबे गेले.

प्रत्यक्ष रस्त्याचं म्हणशील तर अजून आठवडाभर थांबावं म्हणते. टायर जुने आहेत. शिवाय मर्लला व्यायाम शिकवणारी मुलगी मंगळवारी येते. ऊनही फार आहे. जूनच्या शेवटी बघू.

आर्डिस


एल्म प्रेअरी
१ जून

आर्डिस,

माझ्या हातून घोळ झाला आहे. काल चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी कर्टिस भेटला. त्याच्या सासूच्या वाढदिवसाला आला होता. बोलता बोलता माझ्या तोंडून निसटलं. मर्लचं, गाडीचं, सगळं. त्याने हातातला कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बापाचीच सवय.

तो शनिवारी, तेरा तारखेला, विमानाने यूमाला येतो आहे. सोबत एक भाड्याचा ड्रायव्हर आणतोय. ड्रायव्हर गाडी इकडे आणणार, मँकॅटोचा कुणी दलाल ती विकत घ्यायला तयार आहे, आणि तुम्हाला तो आपल्याबरोबर विमानाने नेणार. फ्लॅटच्या किल्ल्या घेऊन झाल्या आहेत.

रागाव. पण रागावून बसायला तुझ्याकडे बारा दिवस आहेत, आणि यूमापासून माझ्या शेडपर्यंत अठराशे मैल. टायर बदल आणि नीघ. हे पत्र मी तातडीच्या टपालाने धाडते आहे.

लव्हॉन


कार्ड, लॉर्ड्सबर्ग, न्यू मेक्सिको
९ जून

निघालो. सात तारखेला पहाटे पाचला, वाहनं नसताना. एरवी मागे जोडून नेतो ती छोटी गाडी रेफुहिओच्या ताब्यात ठेवली, एका वेळी एकच शत्रू पुरे. कर्टिसला फोन केला, येऊ नकोस, आम्हीच येतोय म्हटलं. तो म्हणाला, आई, तू फ्रीज उघडतानासुद्धा बाबांना विचारायचीस. मी फोन ठेवला. तुझ्यावर रागावले आहे. हात दुखतात. दिवसाला सव्वाशे मैल. आ.


कार्ड, कॅरिझोझो, न्यू मेक्सिको
१२ जून

इथून पुढे रस्ता रुळांच्या सोबतीनेच जातो. गावागावांत रूळ ओलांडावे लागतात. तू सांगितलंस तसं थांबते, दार उघडते, ऐकते, दार लावते. मागे मालट्रकांची रांग लागते आणि भोंगे वाजतात. मी ऐकत नाही, म्हणजे भोंगे ऐकत नाही. पुढचं पत्र प्रॅट, कॅन्ससच्या पोस्टमास्तरांच्या नावे पाठव, एकोणीसला पोचू. आ.


एल्म प्रेअरी
१६ जून

आर्डिस,

तो नियम शाळेच्या बसचा आहे. मुलं बसलेली असतात म्हणून. बाकीच्या जगाने फाटक उघडं असलं आणि गाडी येत नसली की सरळ जायचं असतं. एकतीस वर्षांची सवय हाताला, लिहिताना ध्यानातच आलं नाही. त्या ट्रकवाल्यांना माझ्याकडून माफी माग.

कॅन्ससमध्ये आडवा वारा लागेल. चाक घट्ट आवळू नकोस, अंड्यासारखं धर. जोराचा झोत आला तर वेग कमी कर, भांडू नकोस.

कर्टिस यूमाला गेला नाही. दर दोन तासांनी इकडे फोन करतो आणि मला काही ऐकू येत नाही.

लव्हॉन


प्रॅट, कॅन्सस
१९ जून

लव्हॉन,

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर वाचलं. उशीर झाला. परवा ओक्लाहोमात महामार्गाच्या पोलिसाने अडवलं. पोरगेला होता, टोपी काढून बोलला. विचारलं, बाई, दर रुळाला तुम्ही दार उघडून काय करता? म्हटलं, माझ्या मास्तरीणबाईंचा नियम आहे. त्याने आत डोकावून विचारलं, किती मुलं आहेत? मी म्हटलं, एकच, सत्तर वर्षांचा. तो खूप हसला, पण पुढच्या गावापर्यंत आमच्यामागे दिवे लावून चालत आला, कुणी धडकू नये म्हणून.

आता तुला खरं सांगते. नियम माझ्यासाठी नाही हे कळलं तरी लहान रस्त्यावर मी तो सोडणार नाही. कारण दार मी उघडत नाही. पहिल्याच फाटकाला मर्लने आपला डावा हात पुढे केला आणि दाराची कडी धरली. तेव्हापासून ते काम त्याचं. तो दार उघडतो, मान बाहेर काढतो, डोळे मिटून ऐकतो, मग माझ्याकडे वळून अंगठा वर करतो. आज त्याने अंगठ्याबरोबर 'जा' म्हटलं. नीट, स्वच्छ 'जा'. मी गेले. रडत गेले, पण रस्त्याच्या मधोमध गेले.

वारा आहे. अंडं फुटलेलं नाही. पंचवीसला संध्याकाळपर्यंत येते. तू अंगणात उभी राहा, मला तुझं तोंड आरशात दिसलं पाहिजे.

आर्डिस


एल्म प्रेअरी
२० ऑक्टोबर १९९८

आर्डिस,

तुम्ही गेल्यापासून शेडमागची खडी उघडी पडली आहे आणि मी रोज सकाळी खिडकीतून तिकडे बघते. तीन महिन्यांत तू टॉलेफसनांच्या मेळाव्यापासून आपल्या मैत्रिणीच्या, बर्नीसच्या, नातीच्या बारशापर्यंत सगळं पदरात पाडून घेतलंस. माझी कॉफीही संपवलीस. घर फार गप्प झालंय.

तू जाताना पुन्हा विचारलंस, त्या दिवशी मी अंगणात का नव्हते. तुला वाईट वाटलं होतं हे मला दिसलं होतं. तेव्हा कर्टिस समोर होता म्हणून बोलले नाही. आता लिहिते.

पंचवीस जूनला दुपारीच कर्टिस त्या मँकॅटोच्या दलालाला घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. दलाल सज्जन माणूस, लिंबाच्या वड्या खात होता. पावणेपाचला तुझी गाडी रस्त्यावरून वळली. वळण सुरेख घेतलंस, टपालपेटीपासून हातभर लांब. मग तू थांबलीस, मर्ल काठी घेऊन खाली उतरला, आणि तू गाडी उलटी लावून शेड आणि धान्याच्या कोठाराच्या मधून आत घ्यायला लागलीस. तिथे दोन्ही बाजूंना मिळून चार फूट जागा आहे. माझा मेलेला नवरा तिथून ट्रॅक्टर काढताना देवाचं नाव घ्यायचा.

कर्टिस ताडकन उठला. दोघं मरतील म्हणाला. दाराकडे धावला, तुला थांबवायला, स्वतः चाक हातात घ्यायला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. तो सहा फूट दोन इंच, मी पाच फूट. म्हणाला, "क्विस्टबाई, बाजूला व्हा."

आर्डिस, हा मुलगा माझ्या बसमध्ये आठ वर्षं बसला आहे, डावीकडे, चौथ्या बाकावर. मी म्हटलं, "कर्टिस, जागेवर बस. गाडी चालू असताना उठायचं नाही."

आणि तो बसला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, टाय बांधलेला, खुर्चीत बसला आणि हात मांडीवर ठेवले. बसल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू दाबता येईना. पण मी दार सोडलं नाही. मी बाहेर आले असते तर तो माझ्या पाठोपाठ आला असता. म्हणून तुझ्या आरशात माझं तोंड दिसलं नाही.

तिथूनच आम्ही तिघांनी खिडकीतून पाहिलं. पहिल्यांदा तू तिरकी गेलीस. मर्लने हात वर केला. तू थांबलीस, पुढे घेतलीस, पुन्हा सुरुवात केलीस. मर्ल एका हाताने बोलत होता आणि तू ऐकत होतीस. मी तुमची दोघांची चाळीस वर्षांची भांडणं पाहिली आहेत, पण असं बोलणं कधी पाहिलं नव्हतं. गाडी आत गेली. शेडला ओरखडा नाही, कोठाराला धक्का नाही. बरोबर नळासमोर उभी. कर्टिस म्हणाला, "बाबा उभे आहेत." तेवढंच. आणि माझं भांडी पुसायचं फडकं घेऊन त्यात तोंड खुपसलं. मी काहीही सांगितलं तरी त्याला वाटत होतं बाप अंथरुणाला खिळलाय. तुझ्या त्या माशांच्या गोष्टींनी त्याला केवढं घाबरवलं होतं ते तू लक्षात ठेव.

दलालाने टोपी घातली. म्हणाला, ही गाडी विकाऊ दिसत नाही. तीन वड्या रुमालात बांधल्या आणि गेला.

आता शेवटचं. चर्चच्या तळघरात माझ्या तोंडून काहीही निसटलं नव्हतं. मी कर्टिसला शोधून, बाजूला घेऊन सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. तुझं चोवीस मेचं पत्र वाचलं आणि कळलं की तू डब्यांमध्ये सगळा जन्म काढशील, पण फाटकाबाहेर पडणार नाहीस. टायर, ऊन, मंगळवार. म्हणून. तू वाटेत उलटली असतीस तर मी जगले असते का, हा विचार मी रोज केला. एकोणीस दिवस नीट झोपले नाही.

माफ करायचं की नाही ते तू ठरव.

लव्हॉन


यूमा
६ नोव्हेंबर

प्रिय लव्हॉन,

तुझ्या तोंडून निसटलं? एकतीस वर्षांत कुणाच्या पोराने बसमध्ये काय केलं, कुणाच्या बापाला दारू पिऊन पोराला न्यायला आलेलं तू पाहिलंस, यातलं एक अक्षर तू कधी गावात बोलली नाहीस. मला ते कार्ड लॉर्ड्सबर्गला टाकतानाच ठाऊक होतं. दोनशे मैल तुझ्यावर जळत होते. मग वळणं सुरू झाली आणि रागवायला हात रिकामे राहिले नाहीत. त्यानंतर कधीतरी, कुठल्या गावात ते आठवत नाही, मला कळलं की मी तुझे आभार मानते आहे. ते तुला सांगायचं राहून गेलं, कारण तीन महिने तूच बोलत होतीस.

कर्टिस दर रविवारी फोन करतो आणि आता वडिलांशी बोलतो. मर्लकडे साठएक शब्द झालेत. कर्टिसने फ्लॅटच्या किल्ल्या परत दिल्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाला बायको-मुलांसकट इथे येतोय. मी त्याला विमानतळावर न्यायला या गाडीने जाणार आहे, आणि तो मागे बसणार आहे.

तुला हवी असलेली बातमी शेवटी. आम्ही परतलो तेव्हा चारशेपैकी निम्म्या गाड्या येऊन लागल्या होत्या, आणि गेटपाशी गाडीतून उतरताना मला सगळ्यांनी पाहिलं. उजवीकडच्या दारातून नाही, डावीकडच्या, चालकाच्या. सोमवारी नाश्त्यानंतर दाराशी आवाज आला म्हणून पाहिलं तर अकरा बायका, घडीच्या खुर्च्या घेऊन. सगळ्यात थोरली ब्लँडिना हास, शहात्तरची. तिचा नवरा एकवीस वर्षं गाडी चालवतो आणि आता त्याला रात्री दिवे दुहेरी दिसतात. हे तिने मला कानात सांगितलं, त्याला कळू न देता.

लेट्यूसचा हंगाम अजून लागला नव्हता, रेफुहिओने फाटक उघडलं. तुझे डबे मांडले. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचून दाखवली, आणि मर्लने मागे उभं राहून एकेकीला हाताच्या खुणा दाखवल्या. ब्लँडिना आधी तयार झाली, आमच्या गाडीत चालकाच्या सीटवर बसली, मी शेजारी. तिचा नवरा खिडकीशी येऊन एकेक सूचना सांगायला लागला. मी काच वर केली. तिने आवाराच्या चार फेऱ्या मारल्या आणि फाटकापाशी थांबून मला विचारलं, आता कुठे नेऊ?

मी म्हटलं, "चाक तुझ्या हातात आहे, मला काय विचारतेस?"

तिने दोन्हीकडे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली. आम्ही थेट नदीपर्यंत जाऊन जेवायच्या वेळेला परत आलो. तोवर बाकीच्या दहाजणी फाटकापाशी उन्हात रांग लावून उभ्या होत्या.

तुझी,
आर्डिस